साकवाची वही

लांज्याजवळच्या त्या वाडीतला साकव, ओढ्यावरचा लाकडी पूल, दर पावसात वाहून जायचा. १९८४ साली मुंबईच्या मंडळाने, म्हणजे तिकडे नोकरीला असलेल्या वाडीतल्याच पुरुषांनी, पक्क्या साकवाला सिमेंट द्यायचं कबूल केलं. जागाही परस्पर ठरवली, एसटीच्या थांब्याकडे जाणाऱ्या वरच्या वाटेवर. सणाला बॅगा घेऊन उतरणाऱ्यांना दुसरी वाट कशाला आठवेल?

बायका ओढा ओलांडायच्या खाली, शेताला, दळणाला, दवाखान्याला. मागच्या श्रावणात काशी तिथेच घसरली आणि उजवा हात मोडून घरी बसली. बालवाडी चालवणाऱ्या दमयंतीला साकव तिथे हवा होता. पण बैठकीत बायका मागे बसायच्या, आणि मंडळाचा चिटणीस खुद्द तिचाच नवरा, बाबल्या.

वाडीची पत्रं दमयंतीच लिहायची. चाळीस घरं आपापल्या पत्रातून साकवावर बोलत होती, पण एकाचं दुसऱ्याच्या कानी पडत नव्हतं. तिने एक वही केली, दर घराला एक पान. वही मुंबईत मंडळाच्या खोलीवर फिरून आली, तर प्रत्येकाने फक्त आपल्या घराचं पान उघडून तिथेच उत्तर लिहिलेलं. शहाणे लेकाचे!

दमयंतीने नवी वही घेतली. आता एकच प्रश्न: ओढा कुठे ओलांडता, वर्षातून किती वेळा? नियम दोन. वरचं सगळं वाचून मगच खाली लिहायचं, आणि खोडायचं नाही.

"आमच्या अंगठ्याला कोण इचारतंय गो?" हौसा म्हणाली.

"अंगठ्यापुढे तुझं नाव मी लिहिते," दमयंती म्हणाली.

पानं भरली. वरची वाट, वर्षाला चार वेळा. खालची, रोज चार. रोज सहा. काशीने डाव्या हाताचा अंगठा दिला. मुंबईला निघालेल्या सखारामच्या पिशवीतून वही गेली, आणि दमयंतीला महिनाभर धड जेवण गेलं नाही.

वही परत आली. मंडळातल्या पुरुषांनी एकाखाली एक लिहिलं होतं, खालची वाट. शेवटी बाबल्याचं अक्षर होतं: "साकव खालीच होईल. दमयंती, हे तू मला आधी का कळवलं नाहीस?"

ती ओट्यावर बसून हसली, मग तिचे डोळे भरून आले. वही पुन्हा सगळ्या मंडळापुढे जायची होती. तिने खाली लिहिलं, "तीनदा पत्रात कळवलं होतं. तेव्हा वाचणारे तुम्ही एकटेच होतात."