चौकटीच्या कडेला उभा बाबू

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. भर सभेत कलेक्टरविरुद्ध बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. इथे मात्र अडखळते. तुला सांगतो — सलग सांगता येईलच असं नाही.

भंडारदऱ्याचा एक फोटो माझ्या नावाने पुण्याच्या एका मासिकात छापून आला होता. तू कदाचित पाहिलाही असशील. खाली पाणी, वर रतनगडाची रांग, आकाश बेताचं. सगळं जिथल्या तिथं. लोक म्हणाले, पोराला नजर आहे. नजर? मी एका इंग्रजी पुस्तकातले नियम पाठ केले होते, इतकंच. क्षितिज बरोबर मध्यावर आणू नये. आणि कडेला माणूस असेल तर त्याचं तोंड चित्राच्या आतल्या बाजूला हवं. बाहेर बघणारा माणूस आपलीही नजर चित्राबाहेर ओढून नेतो.

आम्ही पत्रकं वाचून वाढलेली पोरं. इंग्रज सरकारचा जमावबंदीचा हुकूम मोडताना मागेपुढे पाहिलं नाही. मग त्या पुस्तकापुढे माझी मान का झुकली?

आम्ही म्हणजे मी आणि बाबू. माझे वडील अकोले तालुक्यातल्या त्याच्या गावात शाळामास्तर होते. बाबू तिथल्याच एका शेतकऱ्याचा मुलगा. पत्रकं मी लिहायची, त्याने ती भाताच्या पोत्यांत घालून बाजारच्या गावी पोचवायची. एकदा तिकडूनच परतताना धरणाकाठी थांबलो. ऊन उतरलं होतं. मी वडिलांचा बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून बराच वेळ उभा — लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती, आणि आत एकच फोटो उरला होता.

"घे की आता," बाबू म्हणाला. "डोंगर काय पळून चाल्लाय व्हय?"

"तू चौकटीत येतोयस. बाजूला हो."

"नुसता डोंगर घिऊन काय करशील? त्यो काय तुजी पत्रकं वाटनार हाय?"

तो हसला, जागचा हलला नाही. मी कळ दाबली आणि त्याच क्षणी त्याने मान वळवून भलतीकडेच पाहिलं.

निगेटिव्ह धुऊन आली. पाणी, डोंगर, उजेड — सगळं साधलं होतं. फक्त डाव्या कडेला बाबू, अर्धामुर्धा, बाहेर बघणारा. छापताना तेवढ्या भागावर काळा कागद लावला असता तर तो झाकला गेला असता आणि निगेटिव्ह शाबूत राहिली असती. हे मला ठाऊक होतं — हो, ठाऊक होतं. पण तडजोडीचा मला तिटकारा. जे नको ते मुळातून काढायचं, असं मीच पत्रकांत लिहीत असे. मी दाढीचं पातं घेतलं आणि निगेटिव्हची कड कापून टाकली. ती पट्टी चुलीत घातली. फिल्म फार लवकर जळते.

पुढच्या उन्हाळ्यात बाबू विषमज्वराने गेला.

दिवसकार्य झाल्यावर त्याची आई, भागूकाकी, माझ्यापाशी येऊन बसली. "बाळ, तू त्येचा फोटू काढला हुतास म्हनं." त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. मी म्हणालो, फिल्मवर उजेड पडला, काकी. फोटो आलाच नाही. तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "आसू दे. त्येला तरी कुटं नीट उबं ऱ्हाता येत हुतं."

नियम खोटा होता असं मी म्हणणार नाही. बाबूवाचून तो फोटो खरंच चांगला दिसतो. पण चांगला कुणासाठी? आता तो समोर घेऊन बसलो की मी पाणी बघत नाही, डोंगर बघत नाही. डावी कड बघतो. वाटतं, तिच्यापलीकडे बोटभर अंतरावर तो उभा आहे. हाक मारली तर वळेल. माझी नजर बाहेरच जाते — त्याला काढूनसुद्धा.

मध्यंतरी गावी गेलो होतो. भागूकाकी तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने विचारलं, "कंच्या गालाला खळी पडायची रं त्येच्या? मला आता रोज येगळंच आठवतंय."

मी म्हणालो, डाव्या.

मला आठवत नव्हतं.