इकडं तोंड करा की, बाई

२५ मार्च १९७३, रविवार. कामे : ऑर्गनला तीन पिनांचा प्लग बसवणे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे.

माझ्या कामांच्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलेलं आहे. दोन्ही कामं जेवणाच्या आधी उरकली होती. त्यानंतर तासाभरात जे घडलं ते मी वहीत लिहिलं नाही.

आमच्या शाळेतल्या गायनाच्या मास्तरांबद्दल सांगते आहे. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, तेव्हा पर्यवेक्षिकेचं कामही माझ्याकडे होतं. मास्तर आणि मी तोवर अकरा वर्षं शिक्षकांच्या एकाच खोलीत बसत आलो होतो. त्यांच्याशी कुणी बोलायला लागलं की ते आधी हवेत बोट फिरवायचे, कुलपात किल्ली फिरवावी तसं, आणि म्हणायचे, "इकडं तोंड करा की, बाई." तोंड त्यांच्याकडे वळवल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही. मुख्याध्यापिकांनाही त्यातून सूट नव्हती. त्या एकदा फळ्याकडे तोंड करून सूचना सांगत होत्या, तर मास्तरांनी त्यांनाही बोट फिरवून दाखवलं. आम्ही सगळ्याजणी पदरात तोंड लपवून हसलो. हसून झाल्यावर ठरवलं, की माणूस मानी आहे.

तुमच्याही कचेरीत, शाळेत असं एखादं माणूस असेल. त्याच्या सवयींना आपण आपल्या सोयीची नावं देतो आणि पुढे कामाला लागतो.

मास्तर नेहमी भिंतीला पाठ लावून बसत, सगळी खोली डोळ्यांसमोर राहील असे. आम्ही म्हणायचो, पक्के चौकस. सकाळच्या प्रार्थनेत एकदा शिपायाने चुकून मधेच घंटा दिली. मुली गांगरल्या, दोन ओळी थांबल्याही, पण मास्तरांची पेटी चालूच होती. मुख्याध्यापिका त्या दिवशी म्हणाल्या, बघा, तल्लीनता याला म्हणतात. आणि फोन. एकदा शिपाई नव्हता आणि फोन वाजत होता. मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यातून खूण केली म्हणून मास्तरांनी तो उचलला. "व्हय. व्हय. सांगतो," असं तीनदा म्हणून ठेवला. कोण होतं विचारलं, तर म्हणाले, चुकून लागला हुता. तासाभराने तपासणीची माणसं फाटकात उभी. चहा नाही, खुर्च्या नाहीत. सगळ्यांची धावपळ चालली असताना मास्तरांनी मात्र शांतपणे मुली रांगेत उभ्या केल्या आणि स्वागताचं गाणं इतकं सुरात म्हणवून घेतलं, की तपासणीवाले चहा विसरले.

बोलायचे मोठ्याने. पण सोलापुरात मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे कोण वळून पाहतं? निम्म्या घरांतली माणसं गिरणीत, नाहीतर यंत्रमागावर. तिथल्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून ती ओठांवरून बोलणं ओळखतात आणि घरी आल्यावरही ओरडून मीठ मागतात. मास्तरही शाळेत येण्याआधी चौदा वर्षं गिरणीच्या विणकाम खात्यात होते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही वेगळी होती. प्रत्येक मुलीला स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावत. मुली गायला लागल्या की यांचा डावा हात पेटीच्या भात्यावर, पोट पेटीला टेकलेलं आणि डोळे समोर बसवलेल्या एकाच मुलीवर. ती मुलगी दर वर्षी तेच निवडत. आठवीच्या वर्गात ती माझी शैला होती. कुणाचा सूर हलला की शैलाच्या कपाळाला आठी पडते, लहानपणापासूनची खोड आहे. मास्तर म्हणायचे, "हिच्या कपाळाला लई कळतं." मला वाटायचं, पर्यवेक्षिकेच्या मुलीचं कौतुक चाललं आहे. म्हणून मी त्यांना दोनदा बजावलंही होतं.

त्या मार्चमध्ये जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने शैलासाठी इलेक्ट्रिक ऑर्गन पाठवला. चार पायांवर उभा राहणारा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. आवाज वेगळ्या खोक्यातून येणार, तो स्पीकर. प्लग दोन चपट्या पिनांचा, आपल्याकडच्या सॉकेटमध्ये न बसणारा. शिवाय यंत्र एकशे दहा व्होल्टचं आणि आपली वीज दोनशे तीसची. थेट लावला असता तर पहिल्या मिनिटाला धूर निघाला असता. मी बाजारातून वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, बाई, अर्ध्या तासाने हात लावून बघत जा, फार तापला तर बंद करा. मी वायर सोलली आणि नवा प्लग बसवला. पत्र्याला बोट लावलं तर झिणझिण्या आल्या, म्हणून ऑर्गनच्या पत्र्यापासून अर्थिंगची वायर ओढली. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता, आणि माती ओली नसली की अर्थिंग काम देत नाही. दुष्काळाचं वर्ष, नळाला तासभर पाणी. धुण्याचं बादलीभर पाणी मी त्या खड्ड्यात ओतलं तेव्हा शेजारीण कुंपणावरून पाहत राहिली. तिला वाटलं असावं, मास्तरीण बाईंना ऊन लागलं.

मास्तर रविवारी दुपारी शैलाला शिकवायला येत. आले, चप्पल काढली, ऑर्गनभोवती एक फेरी मारली. याला भाता नाही, वारा भरावा लागत नाही वगैरे मी समजावून सांगितलं, अर्थात त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी विचारलं, मग सूर येतो कुठून? मी खिडकीच्या दगडी कठड्यावर ठेवलेला स्पीकर दाखवला.

"तो हितं टेबलावर द्या," ते म्हणाले. "न्हाईतर माझ्या गुडघ्याला टेकवून ठिवा."

मी नाही म्हटलं. लाकडाला टेकला की खडखडतो, आवाज खराब होतो, भावाने पत्रात तसं लिहिलंही होतं.

"खडखडू द्या की, बाई. सूर लांब बसला तर माझं जमत न्हाय."

असले लाड मी चालवून घेत नसे. स्पीकर खिडकीतच राहिला. मास्तर स्टुलावर बसले आणि भूप वाजवू लागले. डावा हात आपोआप मागे गेला आणि नसलेला भाता हलवू लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. शैला समोर बसली होती. मी हसू आवरून ट्रान्सफॉर्मरवर लक्ष ठेवत होते. मुली गाताना मास्तर कधी डोळे मिटत नसत, पण स्वतः वाजवताना मिटत. तसे मिटले होते.

अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मरला हात लावला. चटका बसला. मी मास्तरांच्या पाठीमागे, भिंतीतल्या बटणापाशी होते. म्हणाले, मास्तर, थांबा, दोन मिनिटं बंद करते. ते थांबले नाहीत. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं आणि बटण बंद केलं.

सूर घरंगळला आणि गेला. पंखा वेगळ्या बटणावर होता, तो फिरत राहिला. मागच्या बोळातल्या यंत्रमागांना रविवार नसे. त्यांचा इतका वेळ दबलेला खडखडाट एकदम घरात आला.

मास्तर वाजवत होते.

पट्ट्यांवर बोटांची टकटक ऐकू येत होती, बाकी काही नाही. डावा हात हवेत भाता ओढत होता. समोरून शैला मला हाताने खुणा करत होती, चालू कर, चालू कर. मला ते कळत होतं, पण हात बटणाकडे जाईना. मास्तरांनी अंतरा पूर्ण केला. परत मुखड्यावर आले. शेवटची ओळ नेहमीप्रमाणे दोनदा घेतली, दुसऱ्यांदा जरा सावकाश, आणि डोळे उघडले.

त्यांनी आधी शैलाचं तोंड पाहिलं. मग ऑर्गनवरचा लाल दिवा पाहिला. तो विझलेला होता. त्यांनी पट्ट्यांवर तळवा पसरून ठेवला, आजारी माणसाचं कपाळ पाहावं तसा.

"कंदी बंद झालं?"

मागून मी "आत्ताच" म्हणाले. मग माझ्याच लक्षात आलं. मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणाले, "आत्ताच."

"आत्ताच न्हवं," मास्तर म्हणाले. "तुमी खोटं बोलताना व्हट आवळता, बाई."

आठवीला ध्वनीचा धडा मीच शिकवते. नादकाटा ठोकून टेबलाला टेकवते आणि मुलींना म्हणते, हात लावा, लाकडातून सूर कळतो की नाही बघा. दर वर्षी. आणि अर्ध्या तासापूर्वी या माणसाने लाकडातून येणारा सूर मागितला होता, तर मी त्याला भावाचं पत्र दाखवलं होतं.

मग मला रागही आला, तो लपवत नाही. अकरा वर्षं. मी विचारलं, किती दिवस झाले? ते म्हणाले, डावा कान गिरणीतच गेला, उजवा नऊ वर्षांमागं. पेटीचा सूर हाताला आणि पोटाला कळतो. मुलींचा त्यांच्या गळ्यावरून आणि शैलासारखीच्या कपाळावरून. "ह्याला भाताच न्हाय. ह्याच्यात म्या उघडा पडलो." एवढं बोलून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि ऑर्गनच्या पट्ट्या एकेक करून पुसल्या.

शिक्षकांचे वार्षिक अहवाल माझ्या टेबलावर होते आणि सोमवारी द्यायचे होते, हे त्यांना माहीत होतं. संस्थेच्या मंडळींना गाण्याचे तास गणिताला हवे होते, हेही शाळेत सगळ्यांना माहीत होतं. ऐकू न येणारा गायनशिक्षक, एवढी एक ओळ पुरली असती. मास्तरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. बायको गेलेली, मूल नाही. नोकरी गेली असती तर केम या रेल्वे स्टेशनाच्या गावी त्यांच्या भावाच्या ओसरीवर एक खाट आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या, ज्या त्यांना दिसल्या असत्या फक्त.

दारात चप्पल घालताना ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "लिवणार का, बाई?"

"उद्या बघू," मी म्हणाले. मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

ते सायकलवर बसले आणि घंटी वाजवत निघाले. रस्ता मोकळा असला तरी ते कोपऱ्यापर्यंत घंटी वाजवतच जात. त्यालाही आम्ही हसत असू.

मास्तर आता नाहीत. तीन वर्षांनी निवृत्त होऊन केमला गेले आणि गेल्या वर्षी पुतण्याचं पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, शेवटपर्यंत पेटी उशाशी होती. ऑर्गन आमच्याकडे आहे. त्याच्याखाली आमचं जेवणाचं टेबल आहे आणि त्या टेबलाच्या पोटाशी चार स्क्रू आहेत. ते कधी आणि का मारले, एवढं सांगून थांबते.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ऑर्गनचे पाय काढले, तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि स्पीकर खिडकीतून काढून टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने आवळून बसवला. मग दोन्ही कानांत कापूस घातला, वर फडकं बांधलं, डोळे मिटले, तळवे टेबलावर टेकले आणि शैलाला एकेक पट्टी दाबायला सांगितलं. हाताला गुरगुर कळत होती. पण सा कोणता, प कोणता, मला एकदाही ओळखता आलं नाही. वीसेक वेळा केलं. वीसही वेळा चुकले.

कापूस काढला तेव्हा शैला म्हणाली, "आई, आम्हाला माहीत आहे."

"कुणाला?"

"सगळ्या वर्गाला. दहावीच्या मुलींनी सांगून ठेवलं होतं. सरांना ऐकू येत नाही, म्हणून आपण एकमेकींचं नीट ऐकायचं."

आदल्या दिवसाचा धक्का पचला नव्हता, त्यावर हा. दोनशे मुलींना जे ठाऊक होतं ते आम्हा चौदा शिक्षिकांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्यातल्या एकीनेही ते शाळेबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

मी अहवालाचा कागद पुढे ओढला. खोटं लिहायचं नाही, हे ठरलेलं होतं. मास्तरांच्या नावापुढे लिहिलं : वर्गातल्या प्रत्येक मुलीकडे बारीक लक्ष असते. मुली एकमेकींचे ऐकून गातात. खाली सही केली.

शाळेत पोचले तेव्हा मास्तर प्रार्थनेसाठी पेटी पुसत होते. व्हरांड्यात दोन शिक्षिका उभ्या होत्या. मी मास्तरांच्या समोर गेले, तोंडावर उजेड पडेल अशी उभी राहिले आणि मुळीच आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाले, नाही लिहिलं.

मास्तरांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. आवळले आहेत का, ते पाहिलं. मग म्हणाले, "व्हय?", इतक्या मोठ्याने की दोघी शिक्षिका दचकून वळल्या.