शेठच्या छपरावरची मधुमालती

"वर बघ, बाय. वर," असं म्हणत तो म्हातारा वेलीचा कोवळा शेंडा करंगळीने उचलायचा आणि भिंतीकडे वळवून ठेवायचा. मी शाळेला निघालो की समोरच्या बंगल्याच्या आवारात रोज हे चाललेलंच असायचं. एकदा मी म्हटलं, "बाबा, लेकीशी बोलावं तसं बोलता की तिच्याशी." तो म्हणाला, "लेकच हाय. माझं काम करनार हाय ती."

कसलं काम, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट संस्थानी अमलातली. मी जव्हारात मास्तर होतो. समोरचा बंगला, मी येण्याआधीच उभा राहिलेला, एका लाकडाच्या ठेकेदाराचा. त्याला सगळे शेठ म्हणत. माणूस खालचा, किनाऱ्याकडचा. बायकोमुलं तिकडेच, इथे हा एकटा आणि त्याची मिजास. आमच्या आळीतल्या घरांवर कुठे पेंढा, कुठे नळीची कौलं. याने मात्र बंदरावरून गाड्या भरभरून मंगलोरी कौलं आणली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी अंगणात उभं करून छप्पर दाखवायचा, मग आत घ्यायचा. मीही दोनदा मान वर करून "वा, वा" म्हटलंय. शेजारधर्म म्हणून म्हणावं लागतं.

म्हातारा या शेठचा माळी. अंगाने काटकुळा, कमरेला लंगोटी, मागे आकडीत अडकवलेला कोयता. असे म्हातारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ते बोलत नाहीत म्हणून आपण समजतो की त्यांच्या मनात काही नाही. कामाला चोख होता. पण एक गंमत माझ्या ध्यानात आली. बंगल्यात विहीर असून हा तिथलं घोटभर पाणी प्यायचा नाही. तहान लागली की रस्ता ओलांडून माझ्या ओटीवर यायचा. "मास्तर, पानी." मी तांब्या द्यायचो. तो उकिडवा बसून सावकाश प्यायचा.

शेवटी एकदा मी विचारलंच. त्याने तांब्या खाली ठेवला.

"बंगला हाय ना, तिथं माझं घर व्हतं. बापानं बांधलेलं."

शेठने कुठूनसा जागेचा कागद आणला. म्हाताऱ्याकडे कागद कसला असणार? ज्येष्ठ लागला होता, आभाळ भरून यायला लागलं होतं. त्याने जागा मागितली नाही, फक्त आठ दिवस मागितले. डोंगराच्या कडेला नवी झोपडी शाकारून होईपर्यंत राहू द्या, म्हणाला. शेठने त्याच दुपारी माणसं लावून घर पाडलं. म्हाताऱ्याने कारवीचा कूड उभा केला, पण छपराला त्या दिवसांत पेंढा आणणार कुठून? होता तो गुरांनी खाल्लेला. सागाची पानं टाकली. अख्खा आषाढ झोपडी गळली. त्याची म्हातारी तापाने पडली होती. श्रावणात गेली.

"मला जागा नको, मास्तर," तो म्हणाला. "त्याच्या घरात पानी पडलेलं बघायचंय. माझ्या डोळ्यानं."

म्हणून बंगला उभा राहिल्यावर, पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर तो आपणहून त्या फाटकाशी जाऊन उभा राहिला होता, बागेला माणूस लागेल म्हणून. शेठने त्याला ओळखलंसुद्धा नाही.

मी मास्तर. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला हव्या होत्या. सांगितल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना वेल किती चढली ते मी आधी बघायला लागलो.

मधुमालती वाढायला लागली की थांबत नाही. पहिल्या वर्षी ती ओटीचा खांब चढली, दुसऱ्या वर्षी वळचणीला टेकली. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, सकाळी गुलाबी व्हायची, पुढे लाल. वास असा की रस्त्यावरची माणसं थबकायची. शेठ खूश. आता तो पाहुण्यांना छपराआधी वेल दाखवायचा. म्हातारा बाजूला हात जोडून उभा. शेंडे कौलांच्या सांधीत शिरताना दिसत होते ते आम्हा दोघांनाच.

तिसऱ्या वर्षी चैत्रात सुताराने शेठचे डोळे उघडले. "शेठ, ही वेल कौलं उचलणार. मुळासकट काढा." शेठचं तोंड उतरलं. म्हाताऱ्याला त्याने आपल्यासमोर वेल तोडायला लावली. म्हातारा एकेक फांदी कोयत्याने उतरवत होता आणि मला वाटलं, संपलं सगळं. मला तर रात्री जेवण गेलं नाही.

पण शेठला तेवढ्याने समाधान कुठलं? पुन्हा फुटायला नको म्हणून त्याने बुंध्यावर तोडलेल्या फांद्या, पाला, शेण रचायला लावलं आणि स्वतः काडी ओढली. म्हातारा धुरात बसून होता. थोड्या वेळाने उठला, माझ्या ओटीवर आला, आणि पाणी न मागता हसायला लागला. तोंडात दोनच दात, पण काय हसला.

"मास्तर, शेठनं राब भाजला."

मीही हसलो. आमच्याकडे नागलीचं किंवा भाताचं रोप करायचं तर त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येतं, हे मोखाड्यापर्यंत कुणालाही विचारा. शेठने या रानातलं लाकूड नेलं तेवढंच, इथली शेती कधी डोळे उघडून पाहिली नाही.

पाऊस लागताच राखेतून सात फुटवे आले. शेठ चिडला, पण फुलांच्या वासाची त्याला चटक होती. "ओटीपुरती ठेव," म्हणाला. म्हातारा म्हणाला, "व्हय." त्या दिवाळीनंतर शेठ दूरच्या रानात लाकूडतोडीवर गेला. तो थेट पावसाच्या तोंडावर परतणार होता. मधले सात महिने बंगला म्हाताऱ्याचा आणि वेलीचा. वैशाखात कौलं चाळायला माणसं आली, त्यांना याने फाटकातूनच परत पाठवलं. "शेठ आलं की बघू." शेठ आला तो पावसासोबतच, मग कौलांवर कोण चढणार?

मी पाहत होतो आणि गप्प होतो. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आषाढातल्या एका दुपारी पाऊस कोसळत असताना शेठने मला हाक मारली, "मास्तर, धावा हो!" मी इरलं घेऊन गेलो. माजघरात पाच ठिकाणी धार लागली होती. मधल्या धारेखाली शेठचा पलंग, गादी भिजून काळी पडलेली. सरकवायला जावं तर पलंगाएवढी जागा कुठे कोरडी नाही. शेठ घागरी, पातेली जमवत धावत होता.

म्हातारा दारात उभा होता. तो आत आला, पलंगाजवळ गेला आणि धारेखाली तळहात धरला. बराच वेळ धरला.

"अरे, बघतोस काय?" शेठ ओरडला. "भांडं ठेव खाली!"

म्हाताऱ्याने हात तसाच राहू दिला. आवाजही चढवला नाही.

"आमच्याकडं एकच भांडं व्हतं, शेठ. त्यात तिची पेज व्हती."

मग त्याने हात पुसला, पायऱ्या उतरला आणि पावसात खोडाळ्याच्या वाटेला लागला. त्यानंतर तो जव्हारात कुणाला दिसला नाही. शेठ मात्र त्या वेळी दाराकडे बघतच राहिला होता. कोण माणूस ते बहुतेक तेव्हा त्याला कळलं असावं. भानावर आल्यावर त्याने माझ्या हातात एक पातेलं दिलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही तरी."

मी ते पातेलं कोपऱ्यात, कोरड्या वीतभर जागेवर ठेवलं आणि घरी आलो.