एकाच नंबराची दोन इंजिनं

तवंदी घाटातली ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही. अपघात मी पुष्कळ पाहिले. महामार्गावरच्या ठाण्यात बदली झाली की टेप, खडू आणि पंचनाम्याचे कागद जीपमध्ये कायमचेच ठेवावे लागतात. बहुतेक प्रकरणं फाइलबरोबर कपाटात गेली. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. नावं कुणाचीच देणार नाही, गावाचंही नाही. आसपासचे लोक ओळखतील, त्यांनी मनात ठेवावं.

बेळगावकडून निपाणीला जाताना हा घाट उतरावा लागतो. घाटाच्या वरच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथल्या बायका आठवड्याच्या बाजाराला निपाणीत भाजी घेऊन जातात. गावात एकाची जुनी पिकअप होती. पाट्या, पोती आणि त्यांच्यावर बायका, अशी ती सकाळी उतरायची आणि दिवस मावळायच्या आत चढायची. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हे आम्ही सांगत होतो, लोक मान हलवत होते आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा बसत होते.

श्रावण सरत आला होता. सकाळीच फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा पिकअप वळणावरच्या भिंतीला धडकून आडवी पडली होती, रस्ताभर वांगी आणि मेथी. पुढचा भाग पार चेपलेला. दोन बायका जागीच गेल्या होत्या. त्यातली एक गाडीमालकाची बायको. बाकीच्या जखमी होत्या. चालकाचा उजवा पाय मोडला होता. तो रस्त्याच्या कडेला बसून होता आणि आपल्या पायाकडे न पाहता त्या मालकिणीकडे पाहत होता.

आमच्या भागात जबाब मराठीत सांगितला जातो, कन्नडमध्ये लिहिला जातो आणि सही घेण्यापूर्वी पुन्हा मराठीत वाचून दाखवला जातो. दवाखान्यात रायटर चालकाचा जबाब वाचून दाखवत होता, तेव्हा मी शेजारी उभा होतो. अपघात केलेला चालक काय बोलतो ते मला तोंडपाठ आहे. आधी ब्रेकला दोष, मग समोरच्या गाडीला, मग देवाला. हा गडी वेगळंच बोलत होता.

"मीच मारलं, सायब. ब्रेक दाबला, पन गाडी आवरली न्हाय. माझा पाय कमी पडला."

"ब्रेक खराब होता का?"

"न्हाय. पायच कमी पडला."

चाळिशीचा, अंगानं चांगला दणकट माणूस. त्याच्या पायात ताकद नव्हती असं म्हणणं म्हणजे बैलाला नांगर ओढवत नाही म्हणण्यासारखंच होतं. पण जबाब त्याचा, सही त्याची. मोटार निरीक्षकांनी गाडी तपासली. इंजिन नंबर आणि चासी नंबर नोंदणीशी जुळले. ब्रेकचं तेल होतं. पुढच्या चेपलेल्या भागात तुटलेल्या नळ्यांचा गुंता झाला होता, त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं. निष्काळजीपणानं दोघींच्या मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला.

गावानं त्याला आमच्याआधीच शिक्षा दिली. मालकाच्या घरी तो लहानाचा मोठा झालेला, त्याला अण्णा आणि मालकिणीला वैनी म्हणणारा. पण तिच्या दिवसांना त्याच्या घरातल्या कुणालाही दारात उभं केलं नाही. त्याची आई पाण्याला निघाली की बायका बोलायच्या थांबत. मालक भेटेल त्याला एवढंच सांगायचा, "पोरासारखा सांभाळला हुता." त्या एका वाक्यानं पुढचं सगळं होत होतं.

खबर मिळाली ती घाटाच्या माथ्यावरच्या चहावाल्याकडून. खबऱ्या वगैरे तो नव्हता, गिऱ्हाइकाची तक्रार करणारा माणूस होता. येताजाता आम्ही त्याच्याकडे थांबायचो. एकदा कप विसळता विसळता म्हणाला,

"सायब, त्या गाडीनं माझं गिऱ्हाईक कवाच तोडलं हुतं बघा."

"कसं?"

"आधी चढाला बायका खाली उतरायच्या, चालत यायच्या. गाडी मोकळी वर यायची, तरीबी उकळत यायची. मग हितं पानी घालायचे, च्या प्यायचे. पाडव्यापास्नं थांबायचं बंदच. भरल्याली गाडी आशी जायाची की हात करायलाबी सवड न्हाय."

जुनी गाडी एका पाडव्यात तरुण होत नाही. मी दवाखान्यात गेलो आणि चालकाला सरळ विचारलं, "इंजिन बदललं होतं का?" त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"अण्णांच्या घरातली लक्षुमी गेली, सायब. आता गाडीचं नका इचारू."

जो माणूस सगळा दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, तो बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. पण माझ्या 'बहुधा'वर न्यायालय चालत नाही. मी मालकाला बोलावलं. तो आला तो पांढऱ्या टोपीत, दाढी वाढलेली, दुखवट्यातला माणूस. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. गाडीची ताकद कशी वाढली ते विचारलं.

"इंजिन बांधून घेतलं, सायब. बोअर-पिस्टन नवं टाकलं. आठ दिस मेस्त्रीकडंच हुती."

दुसऱ्या खोलीत मेस्त्री होता, जवळच्याच बाजारगावातला. तोही म्हणाला, "इंजिन बांधलं, सायब. बोअर-पिस्टन नवं टाकलं. आठ दिस माझ्याकडंच हुती." दोन माणसांना एकच खरी गोष्ट आठवत असेल तर ती दोघं ती वेगवेगळी सांगतात. एक तारखेला चुकतो, दुसरा वाराला. शब्दाला शब्द जुळला की समजावं, एकत्र बसून चहा झालेला आहे. मी दोघांना आणखी उलटसुलट विचारलं. मेस्त्रीला घाम फुटला, पण तोंड फुटलं नाही. नंबर जुळत होता, आणि तो त्या जुळत्या नंबराला धरून बसला होता.

मला एकच दुवा हवा होता. मोठं इंजिन आत बसलं असेल तर जुनं कुठं गेलं? निपाणीची, बेळगावची, पार कोल्हापूरपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली. असलं इंजिन कुणीच घेतलेलं नव्हतं. इकडे आरोपपत्र पाठवायची वेळ जवळ येत चालली होती. वरिष्ठांनी विचारलं, "अजून काय शोधताय? चालक स्वतः कबूल करतोय." त्यांचंही बरोबर होतं. कबुली दिलेला आरोपी सोडून माणूस इंजिन शोधत हिंडतो, हे कुणालाही खुळेपणाचंच वाटेल.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ठाण्यातल्या शस्त्रांची पूजा असते. रायफली, काठ्या, बेड्या ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू लागतं. जीप धुऊन झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पूजा उरकून आमचे हवालदार ताट घेऊन ठाण्याच्या मागे निघाले. मागे एक जुनी जीप विटांवर उभी होती, तिची चाकंसुद्धा कुणी काढून नेली होती. मी चेष्टेनं म्हटलं, "तिला कशाला? ती आता कुणाला पकडणार?"

हवालदार थांबले, पण हसले नाहीत. "आसं कसं, सायब? चाकरी केलीया तिनं. चालत न्हाय म्हणून पूजा चुकवायची व्हय? आमच्या घरात मोडका नांगरबी पुजत्यात."

मी हातातला पेढा तसाच ठेवला. मालक शेतकरी घरातला. जुनं इंजिन भंगारात गेलेलं नाही, म्हणजे ते घरात आहे. आणि घरात असेल तर आज ते कोपऱ्यात पोत्याखाली राहणार नाही. मी स्टेशन डायरीत कारण नोंदवलं, दोन पंच घेतले आणि निघालो.

घराला तोरण नव्हतं. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, सण करायचा नव्हता. दारात चिटपाखरू नाही. गोठ्यातून उदबत्तीचा वास येत होता. आम्ही आत गेलो. कुदळी, खुरपी, कोयता भिंतीला लावून पुजलेले होते. मध्ये लाकडी पाटावर एक काळं, तेलकट इंजिन, त्याला हळदकुंकू, झेंडूचं एक फूल, पुढे समई. मालक त्याच्यासमोर मांडी घालून बसला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही. पळायचं तर राहोच, त्याला दचकायलाही सुचलं नाही.

हवालदारांनी वाकून हळदीखालचा नंबर वाचला. मी खिशातल्या कागदाशी ताडून पाहिला. ठाण्याच्या आवारात चेपून पडलेल्या इंजिनावर होता तोच. एकाच नंबराची दोन इंजिनं जगात नसतात. एकावर कुणीतरी हातानं ठोकलेला असतो.

"हे इकलं का न्हाई?" मी त्याच्या बोलीत विचारलं.

"ती इकू देईना," तो म्हणाला. "लगीन झाल्यावर पयली गाडी घेतली ती हीच. ह्या इंजनानं घर उभं केलं म्हणायची. दरसाल तीच पुजायची. आज ती न्हाय, मग म्या बसलो."

मग त्यानं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मी थांबवलं नाही.

बायकोचे गुडघे गेले होते. चढाला उतरून चालताना तिला रडू यायचं, पण बाजार सोडवत नव्हता. म्हणून त्यानं मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं. त्याला कागदपत्रं नव्हती, म्हणून परवाना मागायचा प्रश्न नव्हता. मेस्त्रीनं वरचा नंबर घासून जुना ठोकला. डिझेल गाडीत ब्रेकला जोर द्यायला इंजिनावर एक छोटा पंप असतो. नव्या इंजिनाला गाडीची जुनी नळी बसेना. मेस्त्रीनं ती बुजवली आणि सांगितलं की जुळणारा पंप मिळाला की लावू. तो पंप नसला की ब्रेकचं पेडल घट्ट होतं. सपाटीला कसंबसं भागतं. भरलेली गाडी उतारावर असली की पायाच्या जोरावर काही आठवडे निघतात, आणि एक दिवस भागत नाही.

"चालकाला सांगितलं होतं?"

"न्हाय. त्यो म्हणला, अण्णा, ब्रेक लई जड लागतोय. म्या म्हणलं, नवं इंजन हाय, बसंल हळूहळू." त्यानं समईची वात पुढे सारली. "ती पुढं बसायची, सायब. पयल्यांदा न उतरता वर आली तवा लई हसली हुती. आता म्या कुणाला सांगू, का तुझ्यासाठी केलं त्यानंच तू गेलीस?"

समई शांत होईपर्यंत आम्ही बाहेर थांबलो. पंचांपैकी एकानं घड्याळ पाहिलं, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. मग पंचनामा झाला आणि इंजिन मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं. त्याच दिवशी मेस्त्रीला दोन्ही इंजिनांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्याला प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. फेरतपासणीत चेपलेल्या भागातून नळीचं बुजवलेलं तोंडही निघालं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. मालकाला जीपमध्ये बसवलं तेव्हा तो म्हणाला, "वाटंत त्याचं घर हाय. एकदा थांबा." आरोपीला असं फिरवायची रीत नाही. मी थांबलो.

चालक कट्ट्यावर प्लास्टरमधला पाय लांब करून बसला होता. मालक त्याच्यापुढे उभा राहिला. गल्लीतल्या बायका दारादारांत आल्या. मालकानं आवाज मुद्दाम मोठा केला असावा.

"ब्रेकची नळी बुजवल्याली मला ठाव हुती. तुला सांगितली न्हाय. वैनीला तू न्हाय मारलंस रं. म्या मारलं."

मला वाटलं चालक शिवी देईल, नाहीतर अंगावर जाईल. त्यानं फक्त "वैनी" असं म्हटलं आणि कपाळ गुडघ्यावर टेकवून मोठमोठ्यानं रडायला लागला. लहानपणी जिच्या हातची भाकरी खाल्ली, जिच्या दिवसांना त्याच्या घरातल्या कुणाला दारात उभं केलं नव्हतं, तिच्यासाठी तो त्या दिवशी पहिल्यांदा रडत होता. मालक त्याच्या शेजारी खाली बसला. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही.

चालकाची आई माझ्याजवळ आली. "सायब, एवढं दिस झालं, पोरानं टिपूस काढलं न्हवतं. कसं काढंल? मारनाऱ्यानं रडायचं कुठं?"

चालकाचं नाव पुढे आरोपींतून निघालं आणि त्या जागी मालक व मेस्त्री यांची नावं आली. न्यायालयात मालकानं काहीच नाकारलं नाही. चालक पुन्हा गाडीवर बसला नाही, दुसऱ्याच्या शेतावर जातो असं ऐकलं. गावातल्या बायका आता निपाणीला एसटीनं जातात. अवजड इंजिन बसवलेल्या गाड्या घाटात मला अजूनही दिसतात. त्या आवाजावरून ओळखू येतात, आणि माझं टाळकं सरकतं. गाडी किती जोरात जाते ते सगळे सांगतात. थांबते कशी ते विचारलं की हसतात.

पण या प्रकरणानं मला शिकवलं ते गाड्यांबद्दल नव्हतं. गुन्हा नोंदवताना आपण माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतो एवढंच मला माहीत होतं. त्याचं दुःखही काढून घेतो, हे त्या म्हाताऱ्या आईनं सांगितलं. आरोपी म्हटलं की त्याला मेलेल्याच्या दारात उभं राहता येत नाही, चारचौघांत डोळे पुसता येत नाहीत. लोकांना ते ढोंग वाटतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, अपघातातल्या चालकाचा जबाब घेताना मी रायटरला पहिला प्रश्न वेगाचा विचारू दिला नाही. आधी विचारायला लावायचो, गेलेल्यांत तुझं कोण होतं?