द्वारकाआत्याचे गिरगावचे चार दिवस

फोन आला तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा झाले होते आणि माझ्यासमोर शहर आवृत्तीचं तिसरं पान उघडं होतं. आत्येभाऊ नंदू टोकावड्याहून बोलत होता. "शैलाताय, आई गेली. साडेपाचला." मी त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे, डॉक्टर येऊन गेले का, कधी नेणार. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. "तुमी येताव तवर थांबतो," म्हणाला, "सकाळी नेऊ." मग मी एका ओळीत न मावणारा मथळा दोन अक्षरांनी कमी केला, पान छपाईला सोडलं आणि निघाले. तो मथळा कशाचा होता ते मला अजून आठवतं. नंदूचा आवाज कसा होता ते आठवत नाही.

द्वारकाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील शहापूरला शिक्षक होते, आत्या लग्न होऊन मुरबाडच्या पुढे टोकावड्याला गेली, आणि तिथून लगेच मुंबईला, कारण तिचे यजमान गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडिंग करत. चाळीतल्या एका खोलीत ती अकरा वर्षं राहिली. नंदूचा जन्म तिथलाच. छापखाना बंद झाल्यावर दोघं गावी परतली आणि भातशेती करू लागली. आवणीपासून मळणीपर्यंतचं सगळं तिने नव्याने शिकून घेतलं आणि कधी कुरकुर केली नाही. यजमान वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी, मळणी उरकल्यावर, तिने एक पिशवी भरली आणि घरात सांगितलं, "मी चार दिस गिरगावला चाललेय."

त्यानंतर दर वर्षी मळणी झाली की ती जायचीच. काम काय, असं विचारलं तर ती सरळ सांगायची, "जेवायला." तिची धाकटी जाऊ ओटीवर बसून चारचौघींत म्हणे, "लोक मुंबईला कामाला जातात, आमची द्वारकाबाय जेवायला जाते." आत्या पिशवीचे बंद आवळत म्हणायची, "कामाला तू जा गो. मी जेवून येते."

पहिली काही वर्षं ती चाळीतल्या जुन्या शेजारणीकडे उतरत होती. चाळ पाडायला काढली, शेजारीण विरारला गेली. ती आत्याला विरारला बोलवत राहिली, पण आत्या गेली नाही. गिरगावातच एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चार खोल्यांचं लॉज होतं, खाली पुष्पाबाईंची खानावळ. आत्या तिथे उतरू लागली. खोलीत एक लोखंडी खाट, एक खुर्ची आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. मी एकदा तिला सोडायला गेले होते तेव्हा खोली बघून म्हटलं, आत्या, इथे आहे काय? ती म्हणाली, "खोलीत कशाला काय पायजे? जे हाय ते खाली हाय."

जे खाली होतं त्याचं तिच्याकडे वेळापत्रक होतं. साबुदाणा वडा सकाळी साडेसातनंतर, कारण पहिला घाणा तेल पुरतं तापायच्या आधीच निघतो. खरवस मिळाला तर दहाच्या आत. दुपारी पुष्पाबाईंकडे मासे. चारला कोपऱ्यावरच्या बेकरीत गरम पाव यायचा, तो तिथेच उभं राहून, चहात न बुडवता. भुलेश्वरच्या बाजूला उंधियूच्या भाज्या विकायला आल्या की त्या नुसत्या बघून यायच्या. चार दिवस ती याच पाचसहा गल्ल्यांत फिरायची. समुद्र दहा मिनिटांवर होता, तिकडे जायचीच असं नाही. लॉज, खानावळ, बेकरी, सगळ्यांना ती नावाने ओळखायची आणि ते तिला "मुरबाडच्या मावशी" म्हणायचे.

एकच गोष्ट ती घरून न्यायची. जुन्या साडीच्या तुकड्यातून शिवलेल्या पिशवीत दीड किलो तांदूळ, स्वतःच्या शेतातला, एक वर्ष जुना. आल्या आल्या ती पिशवी पुष्पाबाईंच्या हातात द्यायची. कालवण तुमचं, भात माझा. मुंबईला सगळं करता येतं, भात करता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. पुष्पाबाईंनी पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून त्या स्वतःसाठीही त्यातलाच मूठभर जास्त लावू लागल्या.

मी ठाण्यात एकविसाव्या मजल्यावर राहते. घर घेतलं तेव्हा आत्या एक दिवस राहायला आली होती. तिने खिडकी उघडून बराच वेळ खाली पाहिलं आणि विचारलं, "शैले, हितं खाली उतरलं की काय मिळतं?"

"खाली काही नाही. पण सगळं घरी येतं, फोन केला की."

"मंग खाली कोण उतरतं?"

मी चहा ठेवायला आत गेले.

त्या सुमारास मी आमच्या पुरवणीतलं खाण्यापिण्याचं सदर बघत होते. एका लेखकाने गिरगावातल्या खानावळींवर लिहिलं होतं आणि रात्रीच्या जेवणाची शिफारस केली होती. ते कात्रण मी कौतुकाने आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "हा बाबा जेवला नि परत गेला," ती म्हणाली. "तिथं निजला असता तर ह्याला कळलं असतं. मासे दुपारचे. रातीला असतं ते दुपारचं कालवण." मी दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंना फोन करून विचारलं. आत्याचं बरोबर होतं. खुलासा छापण्याइतकी मोठी चूक ती नव्हती, त्यामुळे छापला नाही. पण त्यानंतर त्या सदरात येणाऱ्या प्रत्येक लेखकाला मी विचारू लागले, तुम्ही तिथे राहिला होतात का...

गेल्या पावसाळ्याअखेर तिला भाकरी गिळताना त्रास होऊ लागला. छातीत अडकतंय, असं ती सांगायची. मुरबाडच्या डॉक्टरांनी मुंबईला मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगितलं. मळणी आटोपून ती आली. त्या वेळी तांदळाची पिशवी मोठी होती. पाच किलो. मी म्हटलं, एवढे कशाला? ती म्हणाली, "परत परत कोण आणणार?"

रुग्णालय दक्षिण मुंबईत होतं. गिरगावातून तिथे टॅक्सीने वीस मिनिटं लागतात, माझ्या घरून दीड तास. आत्याने हे मला स्वच्छ सांगितलं. "गिरगावातच उतरू गो. तपासणीला पण जवळ. तुला पण बरं." मी नाही म्हणाले. लॉजला लिफ्ट नव्हती, संडास बाहेर होता, मला घरून काम करता येणार होतं. ही सगळी कारणं खरी होती. मी म्हटलं, रिपोर्ट आला की जाऊ. ती म्हणाली, "बरं."

रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिला मऊ भात उतरत होता, माशाचं कालवण उतरलं असतं, खरवस तर नक्कीच उतरला असता. मी तिला मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेली पोळी देत होते. तिची तांदळाची पिशवी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली होती आणि मी पाकिटातला तांदूळ लावत होते, कारण त्याच्या पाण्याचं माप मला माहीत होतं. ती एकदाच बोलली. "तुझा भात दिसायला चांगला हाय," म्हणाली. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी नंदूला आणि मला बसवून अन्ननलिकेत काय आहे ते सांगितलं, आणि यापुढे फक्त पातळ द्या म्हणाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. तांदळाची पिशवीही तिने बरोबर आणली होती. तिने निकाल विचारला नाही. "झालं ना? मंग चला आता गिरगावला."

नंदू म्हणाला, "आये, तुला खाता येनार नाय काय."

"मला कुठं खायचंय? ही खाईल. मी बघते."

लॉजचे दोन मजले ती पाच ठिकाणी थांबून चढली. आम्ही दोघी तिथे दोन दिवस राहिलो. पुष्पाबाईंनी तांदूळ डब्यात ओतून घेतले, वर कडुनिंबाचा पाला टाकला. आत्या माझ्यासमोर ताकाचा पेला घेऊन बसायची आणि माझं जेवण ती मागवायची. "तिला सुरमई नको देऊ पुष्पा, आज बोंबील बरे दिसतात." ताट आलं की ती माझ्या हाताकडे बघत राहायची. पहिला घास गिळला की विचारायची, "चव सांग."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हंजे काय गो? पेपरात येवढं लिवतेस नि येवढंच?"

मी प्रयत्न केला. कुरकुरीत आहे, म्हटलं. आतून मऊ आहे. ती पुष्पाबाईंकडे वळून म्हणाली, "हिला नोकरी कोणी दिली?" पुष्पाबाई हसल्या, शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले, मीही हसले. सकाळी वड्याच्या दुकानात तेच, चारला बेकरीत तेच. पावाचं कवच दाताखाली कसं तुटतं, कडकड की चर्रकन, हे मला सांगता येईना. तीस वर्षं मी इतरांच्या वाक्यांतली विशेषणं कापत आले आहे. नेमकं लिहा, असं नव्यांना सांगत आले आहे.

दुसऱ्या दुपारी भात खाताना ती म्हणाली, "बाकी राहू दे. माझ्या भाताचं सांग. वास कधी येतो? घास तोंडात घेताना, का मागनं?"

मी लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने मी मनात मोजत होते. "लक्षात नाही आलं, आत्या," म्हटलं. "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. नंदूने गाडी आणली होती, उपचारांची तारीख ठरली होती. पुढे ती फक्त रुग्णालय आणि टोकावडे यांच्यात ये-जा करत राहिली. मी जायचे तेव्हा तिच्या अंगात बोलायची ताकद नसायची. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीही विषय काढला नाही. होळीला आठवडा असताना ती गेली.

टोकावड्याला दिवसकार्याच्या पंक्तीत मी सगळं खाल्लं. काय होतं ते आठवतं, भात, वालाचं बिरडं, खीर, पुरी. चव आठवत नाही. घरी परतल्यावर दोनतीन आठवडे तसेच गेले. भूक वेळेवर लागायची. कार्यालयात कोणी विचारलं तर मी आत्याच्या आजाराचा क्रम तारीखवार सांगू शकत होते. रडू आलं नाही. हे मी नोंद म्हणून लिहिते आहे, यातून मला काही सुचवायचं नाही.

गेल्या आठवड्यात दक्षिण मुंबईत सलग दोन दिवस काम होतं. पहिल्या रात्रीसाठी मी त्या लॉजची खोली घेतली. आत्या गेल्याचं नंदूने पुष्पाबाईंना फोनवर कळवलं होतंच. दुपारी खाली उतरले तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशींचे तांदूळ आहेत अजून. लावू?"

मी लावा म्हटलं. त्या दिवशी बांगडे चांगले होते. भात आला, मोकळा, थोडा पिवळसर. पुष्पाबाई उभ्या होत्या. "कसा झालाय?"

"चांगला," मी म्हणाले, आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी बांगडा बाजूला सारला. नुसता भात घेतला, कालवण न घालता. तोंडात घेताना वास आला नाही. चावताना आला नाही. गिळला, हात ताटावर ठेवून थांबले. मग आला, घशाकडून वर, ओल्या पेंढ्यासारखा, आणि गेला. मी दुसरा घास घेऊन पाहिला. तसंच.

पुष्पाबाई परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, "वास मागून येतो. गिळल्यावर."

"हो," त्या म्हणाल्या, "ह्या तांदळाचा तसाच." आणि त्यांनी आणखी एक वाटी वाढली.

जेवण झाल्यावर मी त्यांना डबा दाखवायला सांगितला. तळाशी, सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्याखाली, अजून दोन वेळचे तांदूळ होते. मी वर गेले आणि खोली आणखी एका दिवसासाठी ठेवून घेतली.