औदाच्या वहाणा

वाळवंटाच्या कडेला, समुद्रावर वसलेल्या दहाबला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्रात बुड्या मारायच्या असतात, किनाऱ्याकिनाऱ्याने उंटावरून अबू गलूमला जायचं असतं, आणि सकाळी उठून सुवेलम या बेदुईन वाटाड्याचा माग काढायचा खेळ बघायचा असतो. खेळ हाच शब्द बरोबर. तिरप्या उन्हात तो वाळूवर उभा राहायचा, काठी हळूच उचलायचा आणि थांबायचा. ते थांबणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सगळे गप्प झाले की मग म्हणायचा, "इथून सांडणी गेली. उजव्या डोळ्यानं आंधळी. बघा, झुडपं फक्त डावीकडची खाल्लीत."

टाळ्या पडायच्या. त्याच्या बापानेही जन्मभर माग काढले, चुकलेल्या उंटांचे, कधी चोरांचे. पण बापासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. सुवेलमला साठीला येऊन त्या आवाजाची चटक लागली होती. छाती काढून तो सांगायचा, "मी वहाण वाचत नाही, माणूस वाचतो."

"मग हेही वाच, अबू सालेम," चुलीपाशी बसलेला औदा त्याला पोराच्या नावाने हाक मारून ओरडायचा, "माझ्या चहात दोनदा साखर कोणी घातली?"

औदा त्याचा चुलतभाऊ आणि गावाबाहेरच्या, पाहुण्यांच्या तळावरचा स्वयंपाकी. रोटी त्याच्या हातची, आणि थट्टाही त्याचीच. त्याच्या डाव्या वहाणेला टाचेखाली टायरचं ठिगळ होतं. नवी घे म्हटलं की तो म्हणायचा, ती चालते तोवर मीही चालतो.

त्या खेपेला पाहुण्यांत मार्टा नावाची एक पोलिश डॉक्टरीण होती. पाण्याखाली घालायचं घड्याळ, तिच्या गेलेल्या वडिलांचं, झोपताना उशाशी ठेवलं, असं ती सांगत होती. सकाळी ते नव्हतं. ती रडली नाही, नुसती अंथरूण पुन्हा पुन्हा झटकत राहिली. सगळ्यांच्या नजरा आपसूक सुवेलमकडे वळल्या.

अशा वेळी बेदुईनांतला शहाणा माणूस थोरांना बाजूला घेतो, आधी कुजबुजतो. सुवेलमने काठी उचलली. थांबला.

"हा आला. इथं उशाशी बसला. मग समुद्राकडे गेला."

"कोण?" मार्टाने विचारलं.

काठीचं टोक वाळूतल्या ठिगळाच्या ठशावर टेकलं, आणि सुवेलमने मान वळवून चुलीकडे पाहिलं.

औदा पीठ मळत होता. त्याचे हात थांबले. "तोंडाने नाव घे ना, अबू सालेम."

"अख्ख्या किनाऱ्यावर असलं ठिगळ कोणाचं आहे, तूच सांग."

"बापाची शपथ, मी चुलीपासून हललेलो नाही."

"वाळूवर आहे ते मी सांगितलं."

औदाने परातीतलं पीठ फडक्याने झाकलं. पाहुण्यांसाठी झाकलं, रागातसुद्धा. मग दहाबच्या वाटेने चालू लागला. त्या सकाळी टाळ्या पडल्या नाहीत.

दुपारी मार्टा बुडी मारायला निघाली. पोहायच्या रबरी बुटात पाय घातला आणि ओरडली. घड्याळ बुटाच्या टोकात होतं. झोपताना तिनेच ते तिथे सरकवलं होतं आणि विसरली होती. "मी त्यांची माफी मागते, कुठे आहेत ते?" ती लाल होऊन म्हणाली. सुवेलम म्हणाला, "चूक तुमची नाही, बाई," आणि नमाजाचं निमित्त करून समुद्राकडच्या खडकामागे गेला. वारा लागत नाही म्हणून पहाटेच्या नमाजालाही तो तिथेच जायचा.

तिथे वाळूत ठिगळाचा ठसा होता. शेजारी काठीचं भोक. पुढे दोन गुडघे आणि एक कपाळ.

त्याचंच कपाळ.

पहाटे अंधुक उजेडात तो उठला होता. सतरंजीच्या कडेला वहाणांचा ढीग; जी पायात आली ती घातली. त्यांच्यात सगळेच असं करतात, कोणी विचारतही नाही. वाटेत मार्टाची शाल वाऱ्यावर उडत होती, म्हणून तो उशाशी टेकला आणि शालीवर दगड ठेवून पुढे गेला. पाहुण्यांसाठी इतकं करायची सवय, की ते लक्षातही राहिलं नाही. आणि सकाळी ठिगळ दिसल्यावर त्याने पुढे वाचलंच नव्हतं.

त्याने पायाने एक ठसा पुसला. तळावर हे वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. मग पुसल्याचा तो फराटा त्याने पाहिला आणि कानापर्यंत तापला.

चारचौघांत घेतलेली अब्रू चारचौघांतच परत द्यावी लागते. संध्याकाळच्या आत तो दहाबच्या जुन्या वस्तीत, औदाच्या दारात पोचला. डोक्यावरचं पांढरं फडकं सोडून त्याने काठीला बांधलं आणि, अब्रू परत दिल्याचं निशाण म्हणून, काठी जमिनीत रोवली. त्या वयाचा माणूस उघड्या डोक्याने गल्लीत उभा पाहून दारं किलकिली झाली.

"ऐका रे!" आवाज सकाळच्या खेळातलाच होता, पण मध्येच चिरकला. "औदाचं तोंड उजळ आहे. तो माग माझा होता. वहाणा त्याच्या, पाय माझे. मी ओळखले नाहीत."

औदाची आई, हमदा काकू, कॉफीचा पेला घेऊन आली. सुवेलमने तो समोर जमिनीवर ठेवला. औदाने माफी मान्य केल्याशिवाय पिणं नव्हतं. कॉफी थंड झाली. वर साय धरावी तशी धूळ बसली.

शेवटी औदा बाहेर आला. अनवाणी, वहाणा हातात.

"स्वतःचाच माग?"

"स्वतःचाच."

"आणि टाळ्या? त्या मिळाल्या?"

सुवेलमने मान खाली घातली.

"पी," औदा म्हणाला. "निशाण राहू दे. पण तळावर मी येणार नाही. चुलीला दुसरा बघ."

सुवेलमने धुळीसकट कॉफी संपवली. उठला तेव्हा औदाने हातातल्या त्या ठिगळाच्या वहाणा त्याच्यासमोर टाकल्या.

"ह्या घालून जा. मापाच्या आहेतच."

नाही म्हणायचा हक्क त्याला नव्हता. फडकं काठीवर सोडून, उघड्या डोक्याने, तो गल्लीतून निघाला. दारादारांत माणसं उभी होती. लहानपणापासून माग वाचणारी माणसं. त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते.