तिसऱ्या जोंगाचं स्टिअरिंग

राजस्थानातली फील्ड पोस्टिंग संपवून मी बंगळुरूच्या वर्कशॉपमध्ये हजर झालो, तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. रँक हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. गाव निपाणीजवळ, त्यामुळे कन्नड कानाला नवं नव्हतं. बायको पहिल्याच महिन्यात चिकपेटला जाऊन, दुकानदाराशी कन्नडमधून घासाघीस करून साडी घेऊन आली. वाळवंटानंतर हे शहर आम्हाला सुट्टीवर आल्यासारखं वाटायचं.

काम मात्र सुट्टीचं नव्हतं. सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग शेडमध्ये. त्या वर्षी आमच्याकडे चार जोंगा, म्हणजे लष्कराच्या जीपसारख्या गाड्या, ओव्हरहॉलसाठी आल्या. डोंगरात जाणाऱ्या एका मेडिकल युनिटला त्या द्यायच्या होत्या. मागच्या बाजूला स्ट्रेचर बसवायचे, गाडी पूर्ण तपासायची, रोड टेस्ट घ्यायची आणि मिलिटरी स्पेशल रेल्वेवर चढवायची. जोंगाला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. दणकट गाडी. पण अशा गाडीत एक चाक हाललं की त्याचा धक्का अ‍ॅक्सलमधून थेट दुसऱ्या चाकाला जातो.

गाड्या ताब्यात घ्यायला त्या युनिटचा ड्रायव्हर आला होता, लान्स नायक चंगप्पा. कोडगूचा माणूस. रुंद खांदे, बोलणं मोजकं. मी वयाने मोठा, म्हणून मला ‘अण्णा’ म्हणायचा. आमचे ऑफिसर होते कॅप्टन देशमुख, नागपूरचे इंजिनिअर. सगळ्यांसमोर हिंदी आणि इंग्लिश, पण मी एकटा असलो की मराठीत बोलायचे. त्यांच्या डांगरीला आमच्याइतकंच ग्रीस असायचं.

पहिल्या दोन गाड्या टेस्टमध्ये पास झाल्या. तिसरी आम्ही दुपारी कनकपुरा रोडला काढली. चंगप्पा चालवत होता. मागे स्ट्रेचरवर दोन जवान झोपवले होते, कारण भार असताना गाडी कशी वागते ते बघायचं होतं. मी आणि कॅप्टनसाहेब मागच्या गाडीत, दोन्ही गाड्यांत रेडिओ सेट; रेडिओवर आमची गाडी ‘वन’, पुढची ‘टू’.

उतार लागला. खाली एक छोटा पूल. पुलाच्या सांध्यावर पुढची चाकं आपटली आणि गाडीचं तोंड थरथरायला लागलं. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. मग दिसलं, दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडत होती, ओलं अंग झाडणाऱ्या कुत्र्यासारखी. समोरून खडीने भरलेला टिपर येत होता.

साहेबांनी माइक उचलला.

“टू, ब्रेक मत मारना. अ‍ॅक्सिलरेटर छोडो. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. येणार कसं? दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

गाडी रस्त्याच्या मधोमध गेली, परत डावीकडे आली. टिपरवाला हॉर्न वाजवत कडेला सरकला. दोघांच्या मध्ये हातभर जागा उरली असेल. वेग उतरला तशी थरथर कमी झाली आणि जोंगा डाव्या बाजूच्या मातीत जाऊन उभी राहिली.

आम्ही धावलो. मागचे दोघे स्ट्रेचरला घट्ट धरून होते, पण धड होते. चंगप्पा खाली उतरला. उजवा अंगठा सुजायला लागला होता, स्टिअरिंगच्या दांड्याने फटका दिला होता.

“रिपोर्ट,” साहेब म्हणाले.

“गाडी ठीक नहीं है, सर.” मग माझ्याकडे वळून हळूच कन्नडमध्ये म्हणाला, “अण्णा, स्वल्प भीती वाटली.”

वर्कशॉपला परत आलो तेव्हा वरून फोन आला. गाड्या दुसऱ्या दिवशी चढवायच्या होत्या. सल्ला असा आला, की स्टिअरिंग डॅम्पर गळतोय, नवा टाका आणि पाठवून द्या. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे धक्के खाणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. नवा टाकला असता तर गाडी टेस्ट पास झाली असती, यात शंका नाही.

साहेबांनी फोन ठेवला. “डॅम्पर थरथर दाबतो,” ते मला मराठीत म्हणाले, “ती जिथून येते ते नाही दुरुस्त करत. हा डॅम्पर डोंगरात फुटला तर? तिकडे बाजूला माती नाही, दरी आहे. शोधू या.”

आधी सोपं ते बघितलं. टायरची हवा. मग पुढची चाकं काढून चांगल्या गाडीची लावली. मैदानात आपटून बघितलं, थरथर तशीच. म्हणजे चाकांचा दोष नाही. मग गाडी जमिनीवर उभी ठेवून चंगप्पाने डाव्या हाताने स्टिअरिंग थोडं थोडं हलवलं आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवली. सांध्यात ढिलाई असली तर बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे घट्ट. स्प्रिंगांचे बुश घट्ट. मग जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. काही नाही.

“सगळं ठीक आहे, साहेब,” मी म्हणालो. “आणि गाडी तर ठीक नाही.”

साहेब स्वतः खाली शिरले. एकेक सांधा पुन्हा चाचपला. “ढिलाई नसेल,” म्हणाले, “पण आवळ पुरेशी आहे का? टाय रॉड सोड.”

टाय रॉड सोडला, तशी दोन्ही चाकं वेगवेगळी वळायला मोकळी झाली. चाक ज्या किंग पिनच्या सांध्यावर वळतं, तो थोडा जड फिरावा लागतो, नाहीतर एका धक्क्याने चाक फडफडत राहतं. उजवा तसा होता. डावा मी एका बोटाने ढकलला, तर तेल घातलेल्या दारासारखा सर्रकन फिरला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“सरी, बरोबर,” चंगप्पा म्हणाला. “मिळाला.”

सांधा उघडला. बेअरिंग झिजलं होतं, कुणीतरी जुन्यावरच ग्रीस भरून बंद केलं होतं. दोन्ही बाजूंना नवी बेअरिंग टाकली. सांध्यातल्या पातळ पत्र्याच्या शिमा एकेक काढत आवळ वाढवली. दर वेळी स्प्रिंगचा काटा अडकवून, ओढायला किती जोर लागतो ते पुस्तकाशी ताडून बघितलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावरच टाय रॉड जोडला आणि चाकांचा टो-इन, म्हणजे पुढून आत झुकणारा कल, लावला. नवा डॅम्पर साहेबांनी बसवू दिला नाही.

“आधी त्याच्याशिवाय टेस्ट.”

सकाळी पुन्हा तोच रस्ता. चंगप्पाचा अंगठा बांधलेला होता. दुसरा ड्रायव्हर देतो म्हटलं, तर नाही म्हणाला. या वेळी मागे मी बसलो. ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने तिच्यात बसावं, हा आमच्या ट्रेडचा नियम. तोच उतार, तोच वेग, तोच सांधा. चाकं आपटली. एक धक्का आला आणि संपला. चंगप्पाने हात स्टिअरिंगवरून इंचभर वर उचलून मला आरशात दाखवले. गाडी सरळ चालली होती.

रेडिओ वाजला. “टू, रिपोर्ट. ओव्हर.”

“सर, गाडी ओके. ओव्हर.”

डॅम्पर त्यानंतर बसवला. चौथीचीही टेस्ट उरकली आणि चारही जोंगा वेळेवर चढल्या. नोकरीत मेडल मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. मला त्या दिवशी त्यांच्याहून कमी वाटलं नाही.

दीड-दोन वर्षांनी त्या युनिटचा एक नर्सिंग असिस्टंट बंगळुरूला आला. त्याच्याकडून कळलं. सीमेजवळच्या रस्त्यावर शेलिंग चालू होतं. चंगप्पा तिसऱ्या जोंगातून दोन जखमींना खाली आणत होता. घाटात एक शेल गाडीच्या उजव्या बाजूला फुटला. तुकडा चंगप्पाच्या बरगडीत घुसला. त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. पुढच्या वळणापर्यंत नेली, डोंगराच्या आडोशाला उभी केली, हँडब्रेक ओढला. मागचे दोघे वाचले. जखमींजवळ मागे बसलेला हा नर्सिंग असिस्टंट पुढे येईपर्यंत चंगप्पा गेला होता.

मी रजा टाकून कोडगूला गेलो. घर कॉफीच्या मळ्यात. त्याची पत्नी माझ्यासमोर बसली. कन्नडमध्ये तिने एकच गोष्ट विचारली.

“अण्णा, गाडीत काही दोष होता का? त्यांनी मला त्या अंगठ्याबद्दल सांगितलं होतं.”

“नाही अक्का,” मी म्हणालो. “गाडी मी स्वतः बघितली होती. ती शेवटपर्यंत त्यांच्या हातात होती. म्हणून तर ते दोघे घरी पोचले.”

तिने डोळे पुसले. मग आत जाऊन सासऱ्यांना घेऊन आली आणि त्यांच्या कानाशी वाकून त्यांच्या कोडवा भाषेत सगळं सांगितलं. मला ती भाषा येत नाही. चंगप्पाचं नाव तेवढं कळलं, आणि एकदा ‘स्टिअरिंग’. म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली, मुलाच्या फोटोसमोर गेला आणि काठीशिवाय ताठ उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी सावधानमध्ये उभा राहिलो.